पाटीवरचं शून्य

कुसारी धरणाच्या पोटात शिरायला एक लोखंडी दार आहे आणि त्या दाराशेजारी एक काळी पाटी टांगलेली असते. रोज सकाळी सात वाजता तिच्यावर खडूनं एकच आकडा लिहायचा: धरण मिनिटाला किती लिटर गळतंय. चौपन्न वर्षं हा रिवाज चालला. २०३९ सालच्या ऑक्टोबरात, एका शुक्रवारी, त्या पाटीवर पहिल्यांदाच शून्य आलं, आणि लोकांनी त्या शून्याला झेंडूची माळ घातली.

माळेचा फोटो कालिंदीला पुण्यात मिळाला तेव्हा ती चहा गाळत होती. पाठोपाठ विलासचा, तिच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, शून्य! साहेब म्हणाले, अख्ख्या राज्यात असं धरण नाही. पेढे वाटले ऑफिसात. तुझं नाव पण घेतलं बरं का."

"अण्णा काय म्हणाले?"

"त्यांचं काय घेऊन बसलीस. पेढ्याला हात लावला न्हाई. पाटीकडं बघितलं आन् घरात जाऊन बसले."

अण्णांनी एकतीस वर्षं ती पाटी लिहिली होती. त्यांच्यामागून ते काम विलासकडे आलं. अण्णा, विलास, त्याची बायको मंगल आणि दोन पोरी अशी पाच माणसं धरणाच्या अगदी पायथ्याशी, सरकारी चाळीत राहत होती. त्यांच्याखाली कुसारी गाव, त्याखाली आणखी सात गावं. कालिंदीनं चहा तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

धरण गळतं म्हटल्यावर शहरातल्या माणसाला घाम फुटतो. पण दगडी धरण थोडं गळायलाच हवं. तळ्याचं पाणी पायातल्या बारीक भेगांतून आत शिरतंच, ते कुणाच्या बापाला चुकत नाही. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर वाट मिळाली नाही तर ते खालून धरणाला उचलू लागतं. म्हणून धरणाच्या पोटात एक बोगदा ठेवतात, त्याला गॅलरी म्हणतात, आणि गॅलरीच्या जमिनीत खोल भोकं पाडून ठेवतात. पाणी त्या भोकांतून वर येतं, गटारीनं वाहतं, मोजलं जातं, निघून जातं. कुसारीत अशी बासष्ट भोकं होती.

कुसारी मात्र जरुरीपेक्षा फार गळत होतं, मिनिटाला चारशे लिटर. म्हणून मे महिन्यात, तळं खाली असताना, त्याच्या पायात चुनकीड सोडली. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं, पण गावानं ठेवलेलं हेच नाव चिकटलं. हे जिवाणू युरिया खातात आणि पाण्यातला चुना दगडावर बसवतात. भेगेत सोडले की भेग आपोआप बुजते. किती बुजेल, कुठं थांबेल, हे सांगायचं काम कालिंदीचं होतं. वाढणाऱ्या गोष्टींचं संख्याशास्त्र हा तिचा विषय. एकेक कण कुठं बसेल ते कुणालाच सांगता येत नाही, पण कोट्यवधी कण मिळून कोणता आकार घेतील हे सांगता येतं, एवढ्यावर तिची वीस वर्षं गेली होती.

वाढ मुख्यतः दोन तऱ्हांची. सगळीकडे खायला मुबलक असेल तर कडेच्या प्रत्येक जागेला वाढायची सारखीच संधी मिळते, आणि गोळा शिळ्या भाकरीवरच्या बुरशीसारखा गोल, भरीव फुगतो. खाणं संपलं की थांबतो. पण खाणं लांबून, एकाच बाजूनं, भरकटत येत असेल तर गोष्टच निराळी. पंगत लांबलचक आणि वाढपी एकाच दारानं येणारा असला की दाराशी बसलेल्याच्या पानात जिलब्यांचा ढीग होतो आणि आतल्यांची पानं कोरडी राहतात. तसंच इथं. जे टोक किंचित पुढं आलं त्याला घास पहिला मिळतो, म्हणून ते आणखी पुढं जातं, त्याला फांद्या फुटतात, आणि मागं राहिलेली जागा उपाशीच राहते. अशी वाढ नेच्याच्या पानासारखी असते, आणि ती जिकडून खाणं येतं तिकडे धावत सुटते.

कालिंदीनं पहिली तऱ्हा धरली होती. युरिया मोजून, जिवाणूंबरोबर कालवूनच आत सोडला होता, तेव्हा दुसरं धरायचं कारणच नव्हतं. तिच्या हिशेबानं गळती साठ लिटरवर येऊन थांबायला हवी होती, आणि ऑगस्टमध्ये ती साठावर आलीही. मग सप्टेंबरात एक्केचाळीस. मग बावीस. चौदा झाली तेव्हा तिनं काळजीचं पत्र पाठवलं, त्याला उत्तर आलं: हार्दिक अभिनंदन.

कार्यकारी अभियंता वाघोलीकर काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पेढा दिला, आणि सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमच्याच आकड्यापेक्षा काम चांगलं झालं, आणि तक्रारही तुमचीच?"

"ते चांगलं झालेलं नाही. भोकं बुजलीत. पाणी आत शिरतंय आणि बाहेर पडत नाहीये. तळं उतरवा, किमान अकरा मीटर."

"दाबमापकं बघा की." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. धरणाखालच्या पाण्याच्या दाबाचे बारा आकडे, सगळे हिरवे, सगळे शांत. कालिंदी बघत राहिली. गेल्या सोळा दिवसांत त्यातला एकही आकडा हलला नव्हता. जिवंत धरणाचा आकडा सकाळ-संध्याकाळ थोडा तरी हलतो.

"यांच्यावर पण चुना बसलाय," ती हळूच म्हणाली. "ही आता काहीच मोजत नाहीत."

वाघोलीकरानं चष्मा काढून डोळे चोळले. तोही घाबरला होता, पण त्याची भीती दुसरीकडची होती. "अकरा मीटर म्हणजे चार तालुक्यांचा उन्हाळा. रब्बी गेली, पिण्याचं पाणी गेलं. परवा इथं जलपूजन आहे. मी कुणाला काय सांगू, गणित म्हणतंय? तुमचंच गणित मे महिन्यात वेगळं म्हणत होतं. मला कारण दाखवा. जास्तीचा युरिया आला कुठून ते दाखवा, मी त्याच मिनिटाला दरवाजे उघडतो. नुसत्या शंकेवर नाही उघडता येत. उद्या दहा वाजता विश्रामगृहात बसू."

म्हणजे आत जायला हवं होतं, आणि कालिंदी तीस वर्षांत गॅलरीत गेली नव्हती. नऊ वर्षांची असताना अण्णांबरोबर गेली होती, तेव्हा दिवे गेले. अण्णा दुसऱ्या टोकाला होते. वीस मिनिटं ती काळोखात बासष्ट भोकांचं टपटपणं ऐकत उभी होती. तेव्हापासून तिला लिफ्टमध्येसुद्धा घाम येतो. धरणाचं सगळं गणितही तिनं नकाशांवरूनच केलं होतं, एकदाही आत न उतरता. ही तिची चूक, आणि ती तिनं पुढं कधी लपवली नाही.

विलास दिवा घेऊन पुढं, मागं ती, आणि सगळ्यांत मागं अण्णा. "तुमी कशाला, अण्णा? एकशे अठ्ठावीस पायऱ्या हायत," विलास म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा कठडा धरून उतरत राहिले.

खाली पोचल्यावर तिला पहिल्यांदा कळलं ते असं की काहीच ऐकू येत नाहीये. टपटप नाही, खळखळ नाही. गटारीतलं वाहणं थांबलं होतं. तीस वर्षं ज्या आवाजानं तिला दचकवून उठवलं, तो आवाज नसणं त्याहून वाईट होतं. तिनं भिंतीला हात टेकला. भिंत गार होती, आणि अगदी बारीक थरथरत होती असं तिला वाटलं.

"ऐकलंस?" अण्णा म्हणाले. "मुकं झालंय. पंधरा दिस झालं म्या सांगतोय ह्याला, आवाज मरत चाललाय. आईच्यान, डोळ्याला डोळा न्हाई माझ्या."

विलासनं दिवा खाली धरला. पहिल्या भोकाच्या तोंडाशी पांढरं, कठीण बूच बसलं होतं. दुसऱ्याच्याही. पाचव्या-सहाव्यापासून नक्षी दिसू लागली. गॅलरीच्या जमिनीच्या सांध्यांतून पांढऱ्या फांद्या वर आल्या होत्या, फांद्यांना फांद्या, त्यांना केसाएवढी टोकं. नेच्याची पानं दगडावर चिकटवावीत तशा. कालिंदी उकिडवी बसली आणि भीतीच्या आतून तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. ही भाकरीवरची बुरशी नव्हती. ही दुसरी तऱ्हा होती. आणि यच्चयावत टोकं एकाच दिशेला वळलेली होती.

"विलास, तिकडं काय आहे?"

"तिकडं? काय न्हाई. जुना कोनाडा."

"दिवा दे."

"ताई, तिथं घाण हाय सगळी, वटवाघळं..."

तिनं दिवा त्याच्या हातातून घेतला. कोनाडा नकाशात होता, तिनं शंभरदा पाहिला होता. कोनाड्यात काय ठेवलंय हे नकाशा सांगत नाही. तिनं ताडपत्री बाजूला केली. एकावर एक रचलेल्या गोण्या होत्या, युरियाच्या. खालच्या पार बसल्या होत्या, त्यांतून पाझरलेलं पांढुरकं पाणी गटारीत उतरत होतं आणि गटारीतून एकेका भोकात.

"कामातून उरल्या व्हत्या," विलास खाली बघत म्हणाला. "परत करायच्या व्हत्या. पर उसाच्या टायमाला युरिया कुठं मिळतोय? भावकीत सगळ्यांनी सांगून ठेवलं व्हतं. बाहेर ठेवल्या तर कुणी बी उचलंल. इथं कुलूप, इथं गारवा. मला वाटलं, बरं राहील."

हवेत दमटपणा असला की युरियाला पाणी सुटतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. शेतकऱ्याच्या घरात हे कोणाला माहीत नसतं? पण चार गोण्या पाघळल्या तर पाघळल्या, धरणाचं त्यात काय बिघडणार? इतकं दगडी, इतकं थोरलं धरण.

संध्याकाळी चाळीतल्या खोलीत कालिंदीनं नवा हिशेब मांडला. खाण्याचा उगम कोनाड्यात धरला आणि संगणकाला एक हजार कुसारी धरणं बांधायला लावली. प्रत्येकात कण वेगळे भरकटले, फांद्या वेगळ्या फुटल्या. भोकं हजारच्या हजार धरणांत बुजली. त्यांतल्या नऊशे वीस धरणांत मात्र पाण्याला कुठंतरी एखादी चोरवाट राहिली आणि ती धरणं उभी राहिली. ऐंशी धरणांत चोरवाटही बुजली, आणि ती धरणं फुटली. खरं धरण कोणतं, नऊशे विसांतलं की ऐंशीतलं, ते बाहेरून ओळखता येत नव्हतं.

"शंभरात आठ," ती म्हणाली.

मंगल भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला. पोरी दारात चौकोन आखून टिक्कर खेळत होत्या. विलास कालिंदीजवळ सरकला आणि पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात बोलू लागला.

"आठच ना? मग ऐक. गोण्या मी आत्ताच काढतो, ते खाणं बंद. तू फकस्त गप ऱ्हा. नाव आलं तर नोकरी जाती, ही खोली जाती, वर केस. अण्णांना घिऊन मी कुठं जाऊ? तू पुण्याला असतीस, तुला काय."

"गोण्या काढून भोकं उघडत नाहीत, विलास. उघडायची तर तळं उतरवायला हवं, आणि कारण कळल्याशिवाय साहेब दरवाजे उघडणार नाहीत."

"मग असं कर. उद्याच्या उद्या मंगलला आन् पोरींना तुझ्याकडं घिऊन जा. म्हंजी काळजी न्हाई."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी लागलं असावं, कारण तो तोंड फिरवून बसला. कालिंदीनं फक्त विचारलं, "आणि बाकीच्यांच्या पोरी?" आपलेच दात, आपलेच ओठ. तिला ह्याच भावाला पाठुंगळी घेऊन ह्याच धरणाच्या पायऱ्या चढल्याचं आठवलं आणि रडू कोसळलं, ते तिनं आवरलंही नाही.

"उद्या दहाला तूच येऊन सांग," ती शेवटी म्हणाली. "मी तुझ्या शेजारी बसेन. आत न उतरता गणित केलं, ते मी सांगेन. दोघंही चुकलोय म्हणून सांगू."

भिंतीला टेकून बसलेल्या अण्णांनी तेवढं एकच विचारलं, "पोरी, आठ म्हंजी कमी असत्यात का गं?"

सकाळी दहाला विश्रामगृहात विलास आला नाही. कालिंदीनं एकटीनंच सांगितलं, भावाचं नाव घेऊन सांगितलं. वाघोलीकर ऐकून लगेच उठला, दोन कनिष्ठ अभियंत्यांना घेऊन स्वतः खाली उतरला. ती वरच बसून राहिली. पाऊण तासानं तो घामाघूम होऊन परत आला.

"मॅडम, कोनाडा रिकामा आहे. धुतलेला आहे, स्वच्छ. फांद्या आहेत, मान्य. पण तुम्ही म्हणता तसं काही नाही तिथं."

बाहेर मांडववाले उद्याच्या जलपूजनाचे खांब रोवत होते. तिनं बोलायचा प्रयत्न केला, हजार धरणांचं सांगितलं, आकृत्या दाखवल्या, आणि बोलता बोलता तिलाच कळत गेलं की हे सगळं त्या माणसाला वाऱ्यावरची वरात वाटतंय. वाघोलीकर घड्याळ बघू लागला.

तेवढ्यात दारात अण्णा दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, छातीचा भाता चाललेला, आणि खांद्यावर अर्धी रिकामी झालेली, ओली गोणी. ते आत आले आणि त्यांनी ती गोणी साहेबाच्या टेबलावर, फायलींवर, पेढ्यांच्या खोक्यावर ठेवली. पांढरं पाणी काचेवर पसरलं.

"ह्या गोण्या भुयारात ठिवल्या व्हत्या, साहेब. माझ्या पोरानं ठिवल्या. पहाटं टेम्पोत भरून कालव्याच्या पुलाखाली टाकल्यात, बाकीच्या तिथंच हायत, माणूस धाडा." ते दम खायला थांबले. "आन् ठिवल्या तवा चावी म्या दिली व्हती, जादा चावी अजून माझ्याच उशाला असती. दोघांची बी नावं लिवा."

"मिसाळ, तुम्हाला कळतंय का काय सांगताय ते?"

"एकतीस वर्सं पाटी लिवली, साहेब. खोटा आकडा कधी लिवला न्हाई. त्या पाटीवर शून्य बघून माजी पेन्शन गोड लागंना."

वाघोलीकरानं पसरत चाललेल्या पाण्यातून फायली बाजूला केल्या. मग त्यानं फोन उचलला. साडेबारा वाजता खालच्या आठ गावांत भोंगे वाजले, आणि दीड वाजता पाचही दरवाजे उचलले गेले. चार तालुक्यांचा उन्हाळा फेसाळत नदीत उतरला. गावकरी दोन्ही काठांवर उभे राहून बघत होते. कुणीतरी कालिंदीच्या गाडीवर दगड मारला, तो काचेला लागला.

तळं उतरायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत कालिंदी चाळीतल्या त्याच खोलीत राहिली, पुण्याला गेली नाही. प्रत्येक दिवशी सकाळी आपण उठलो म्हणजे धरण उभं आहे, एवढंच ती मोजायची. जानेवारीत पहिलं भोक पुन्हा पाडलं तेव्हा बूच फुटताच पाण्याचा फवारा गॅलरीच्या छताला जाऊन आपटला आणि छिद्रकाम करणारा माणूस चार हात लांब फेकला गेला. तळं तेव्हा अकरा मीटर खाली होतं. भरलेलं असताना काय झालं असतं, यावर समितीनं दोनशे पानं लिहिली आणि शेवटी लिहिलं की निश्चित सांगता येत नाही.

धरण फुटलं नाही. लोकांना एवढंच दिसलं. त्या उन्हाळ्यात चार तालुक्यांत टँकर फिरले, हंडे घेऊन बायका मैल मैल चालल्या, आणि पाणी कुणी सोडलं असं विचारलं की दोन नावं यायची, मिसाळाची पोरगी आणि मिसाळाचा म्हातारा. वाघोलीकरची बदली झाली. विलासची नोकरी गेली, खोली गेली. तो मंगलच्या माहेरी राहू लागला आणि बापाशी बोलेनासा झाला. अण्णा कालिंदीकडे पुण्याला आले. तिथं त्यांना झोप लागेना, तेव्हा एके दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला नळ किंचित सैल केला, खाली पातेलं ठेवलं, आणि त्या टपटपीवर दुपारचे दोन तास गाढ झोपले. सोसायटीत पाणी दिवसाआड येत होतं, तरी कालिंदीनं नळ तसाच राहू दिला. पातेलं भरलं की ती ते माठात ओतायची.

मे महिन्यात विलास आला. वाळला होता. अण्णा आतल्या खोलीत झोपले होते, त्यांना त्यानं दारातूनच पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. कालिंदीनं त्याच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली. त्यानं ती सरकवली नाही, पोहे खाल्लेही नाहीत.

"ताई, एक विचारू? फुटलं असतं का?"

"शंभरात आठ," ती म्हणाली.

"म्हंजी ब्याण्णव येळा न्हाई." तो आवाज न चढवता बोलत होता. "नोकरी, खोली, अण्णा, पोरींची शाळा. त्या ब्याण्णवांत माझं सगळं शाबूत व्हतं, ताई. ते ब्याण्णव माझे व्हते."

त्याचं खरं होतं. त्या नऊशे वीस धरणांखाली तिचा भाऊ अजून रोज सकाळी पाटी लिहीत होता, पोरी दारात खेळत होत्या, अण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्या सगळ्या घरांतून तिनं त्याला स्वतःच्या हातानं बाहेर काढलं होतं, आणि ऐंशी घरं वाचवली होती, की एकही नाही, हे तिला मरेपर्यंत कळणार नव्हतं.

मागं नळ टपटपत होता. विलास उठला. हात पहिल्यापासून कसबी, गळणारी वस्तू त्याला बघवत नसे. त्यानं सवयीनं नळाची चावी धरली, अर्धी वळवली. टपटप थांबली.

आतल्या खोलीत अण्णा झोपेतच कण्हले आणि उठून बसल्यासारखी खाट करकरली.

विलासचा हात चावीवर तसाच राहिला. त्यानं कालिंदीकडे पाहिलं नाही. मग त्यानं चावी हळूहळू उलटी फिरवली, थेंब पुन्हा पडू लागला, आणि आतली खाट शांत होईपर्यंत तो तिथंच, पातेल्यापाशी, मोजत उभा राहिला.